थोरलीचं मऊपाणी

गल्लीच्या टोकाला एक लाँड्री होती आणि त्या लाँड्रीत थोरलीचं राज्य होतं. गिऱ्हाइकं तिला तोंडावर थोरल्या बाई म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची तेही तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला कौतुकच होतं. शाळेत ती पुरती दोन वर्षंही टिकली नाही. आकडे यायचे, अक्षरं एकेक चाचपत लागायची. पण डाग वाचावा तर तिनं. कॉलरकडे एकदा बघून ती सांगायची, की हा माणूस जेवताना वाचतो, हा बायकोशी बोलत नाही, आणि ह्याला नवी नोकरी लागली आहे. शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दहा वेळा ती म्हणायची, माणूस खोटं सांगतोय, डाग खोटं सांगत नाही.

लाँड्रीचं नाव झालं होतं ते मऊपाण्यामुळे. कपडे धुऊन, दोनदा विसळून झाले की थोरली एक शेवटची बादली भरायची आणि त्यात स्वतःच्या हातानं काहीबाही घालायची. त्या पाण्यातून निघालेला टॉवेल गालाला लावला की माणूस दोन मिनिटं कामधंदा विसरायचा. बादलीत काय पडतं ते फक्त तिला माहीत. मुलाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सुनेला सांगितलं नव्हतं, कारण ती सून होती. मऊपाणी करायच्या वेळी थोरली मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. अकरा वर्षं सून दाराच्या अलीकडे आणि थोरली पलीकडे, असं चाललं होतं.

सुनेचा जीव जनावरांत. लग्न होऊन आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात तीन पायांचा कुत्रा घेऊन. आता तो कुत्रा इस्त्रीच्या टेबलाखाली म्हातारा झाला होता. त्याच्या मागून आंधळी मांजर आली, तिनं टॉवेलांचा कप्पा धरला. मग पंख मोडलेलं कबूतर, पाइपात अडकलेलं कुत्र्याचं पिल्लू, कुणाच्या तरी बाल्कनीतून पडलेली खार. गल्लीत कुणाला काही हरवलेलं, सापडलेलं, भेदरलेलं दिसलं की ते लाँड्रीत यायचं. थोरली म्हणायची, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. खरंच एकदा घोडं आलं असतं तर तिनं त्यालाही शिव्या देत देत आडोसा करून दिला असता, पण हे कुणी बोलून दाखवायचं नव्हतं.

सुनेनं आणखी एक गोष्ट केली होती. कुणाचं जनावर हरवलं की ती चिठ्ठ्या लिहायची आणि धुतलेल्या कपड्यांच्या प्रत्येक गाठोड्याला टाचणीनं लावायची. मुलगा सायकलवरून गाठोडी पोचवायचा, तशा चिठ्ठ्या दोनशे घरांत जायच्या. थोरलीनं आधी आकांत केला. लोकांना शर्ट हवा, का मांजरीची कुंडली? पण पहिल्याच आठवड्यात सात दिवस बेपत्ता असलेलं एक मांजर त्या चिठ्ठीवरून सापडलं, मालकीण रडत रडत आभार मानायला आली आणि जाताना चार चादरी धुवायला टाकून गेली. त्यानंतर टाचण्या थोरलीच आणून ठेवायला लागली. विचारलं तर म्हणायची, स्वस्त मिळाल्या.

एका सोमवारी गॅरेजवाला फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. आधी वाटलं, इंजिनाचा तुकडाच आहे, इतकं ते काळं होतं. मग त्यातून चोच बाहेर आली. जुनं तेल साठवायच्या खड्ड्यात एक रानटी बदक पडलं होतं. तळ्यावर थंडीपुरता जो बदकांचा थवा उतरतो, त्यातली मादी. डोळे तेवढे स्वच्छ होते. त्या डोळ्यांनी तिनं सगळ्यांकडे असं पाहिलं, की कुठल्या भिकार घरात आणलंत मला.

थोरलीला ते पाहणं फार आवडलं. तिनं तिचं नाव पाहुणी ठेवलं.

संध्याकाळी जनावरांची डॉक्टरीण आली. तरुण, चटपटीत, पायांत चिखलाचे बूट. ऊब लागणारी जनावरं ती एरवीही लाँड्रीतच पाठवायची. एकच खोड, थोरलीला आजी म्हणायची. तिनं पाहुणीला नळीनं पाणी पाजलं, चोच आतून पुसली आणि सुनेला बजावलं, की आज उद्या तिला धुवायचं नाही. अशक्त आहे, धसक्यानं जाईल. ऊबेत ठेवा, बुधवारी मी येईन आणि मीच धुईन. बॉयलरच्या खोलीत खोकं ठेवलं, वर चादर टाकली, सगळे आपापल्या कामाला लागले.

थोरलीला मात्र झोप लागेना. चाळीस वर्षांत तिच्या छपराखाली मळकं कापड रात्रभर राहिलं नव्हतं, आणि इथे बॉयलरला टेकून अख्खं जनावर तेलात माखून बसलं होतं. शिवाय ती डॉक्टरीण धुणार! जिच्या कोटावर तीन वेगवेगळे डाग थोरलीनं दारातूनच मोजले होते!

मंगळवारी दुपारी सून पलीकडच्या गल्लीत एका गटारीपाशी गेली. तिथे मांजरीची पिल्लं रडत होती. मुलगा गाठोडी घेऊन बाहेर. थोरलीनं बाह्या सारल्या. कोपराला सोसेल इतकं कोमट पाणी केलं. तेलाच्या डागांवर ती जो पातळ साबण वापरायची तो घेतला. पाहुणीला एका हातात असं धरलं, की धड आवळलं नाही आणि धड सोडलंही नाही, रेशमी वस्त्र धरावं तसं. एकामागून एक पाच टब काळे झाले. सहावा करडा, सातवा दुधी. पिसांतून तपकिरी रंग वर आला, मग पंखाच्या कडेला एक निळी पट्टी चमकली, आणि थोरली एकटीच असून मोठ्यानं म्हणाली, अगं बाई, तू तर नवरीच निघालीस.

इतकं सुरेख काम हातून झाल्यावर ते अर्धवट सोडायचं कसं? तिनं दार लावून घेतलं. शेवटची बादली भरली, आणि पाहुणीला मऊपाण्यातून काढलं.

सून परत आली तेव्हा पाहुणी कोरडी होऊन खोक्यात बसली होती. पिसं अशी की हात लावावा.  सून हळूच म्हणाली, की आई, डॉक्टर बुधवारी म्हणाल्या होत्या. थोरली म्हणाली, की बुधवारी ती दुसरं काहीतरी धुवू दे, स्वतःचा कोट धुवू दे.

बुधवारी डॉक्टरीण आली, खोक्यात वाकली आणि तिच्या भुवया वर गेल्या. विचारलं, की कुणी धुतलं हिला? थोरलीनं पदर सावरला, घसा खाकरला. पण तिनं तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, “मीच धुतलं.”

डॉक्टरीण आधी रागावली, मग तिनं पिसं उलटसुलट पाहिली. म्हणाली, सांगितलेलं ऐकायला हवं होतं, पण काम चांगलं झालंय. शनिवारी सोडू तळ्यावर. थवा आता कधीही उठेल.

आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कष्ट हिचे, हात हिचे, आणि शाबासकी कुणाला? केलं कुणी आणि मिरवलं कुणी! त्या दिवसापासून शनिवारपर्यंत ती सुनेशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण मुलाच्या मार्फत. “विचार तुझ्या बायकोला, टॉवेलाच्या घड्या तिच्या ती घालते का मी घालू, म्हणजे नंतर सांगायला बरं.” सून शेजारीच उभी असायची. मुलगा खाली मान घालून इस्त्री फिरवायचा. दोन बायकांच्या भांडणात बोलणारा पुरुष दोन्हीकडून भाजतो, हे त्याला वयाच्या मानानं लवकर कळलं होतं.

शनिवारी सकाळी खोकं घेऊन सगळे तळ्यावर गेले. थोरली येणार नव्हती. पण मग म्हणाली, तळ्याकडच्या बाजूला एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे जायचंच आहे, आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. तळ्याचा राखणदार काठी टेकत वाट बघत होता. तो तिथे इतकी वर्षं होता, की बदकं त्याच्या पायांमधून जायची. त्यानं मधोमध पोहणारा थवा दाखवला आणि थव्यापासून जरा दूर एकटाच फिरणारा नर दाखवला. म्हणाला, सोमवारपासून हा असाच घिरट्या घालतोय. बाकीचे चार-पाच दिवसांत उडतील, वारा फिरायला लागलाय. ह्याचं काय, हा जाईल का राहील, सांगता येत नाही.

डॉक्टरिणीनं खोकं काठावर आडवं केलं. पाहुणी बाहेर आली, दोन पावलं चालली आणि पाण्यात शिरली. नरानं मान वर केली. सुनेनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

पाहुणी काठापासून वीस हात गेली असेल. बाकीची बदकं कशी, पाण्यावर ठेवलेल्या वाटीसारखी. ही जरा खाली दिसत होती. मग आणखी खाली. पाठीवर पाणी चढलं. तिनं पंख झटकले, पण ते उचलेनात. पिसं पाण्यानं जड होऊन चिकटली होती. एकदा मान बुडाली, वर आली. पुन्हा बुडाली.

राखणदार कमरेएवढ्या पाण्यात धावला आणि लांब दांड्याच्या जाळीनं त्यानं तिला ओढून काढली. हातात भिजलेलं फडकं आणावं तशी आणली. थरथरत होती.

आणि थोरलीला तिथल्या तिथे सगळं कळलं.

कारण लाँड्रीचा एक नियम होता, आणि तो तिनंच घातला होता. रेनकोटला मऊपाणी द्यायचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी मुलानं एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा रेनकोट चुकून त्या बादलीत बुडवला होता. दिसायला झकास झाला, मऊ लुसलुशीत. पहिल्या पावसात गिऱ्हाईक आतपर्यंत चिंब भिजलं आणि तसंच ठिबकत दुकानात उभं राहिलं. थोरलीनं त्या दिवशी मुलाचा जो उद्धार केला, तो गल्लीला अजून पाठ आहे. मऊपाणी धाग्यावर बसून राहतं, म्हणून तर टॉवेल गालाला मऊ लागतो. जे पाणी बाहेर ठेवायला जन्मलंय, त्याचं ते वाटोळं करतं. हे पोराला शिकवलं तिनं. आणि एवढ्या मोठ्या बदकाच्या अंगावरचा रेनकोट तिला दिसला नाही.

डॉक्टरीण पाहुणीला टॉवेलात घट्ट गुंडाळत होती. बोलताना तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. ती सुनेला म्हणाली, की मी स्पष्ट सांगितलं होतं, घरी धुवायचं नाही. काहीतरी राहिलंय पिसांत. हिला आज ऊबेत ठेवायलाच हवं, माझ्याकडे तशी खोली नाही म्हणून तुमच्याकडे ठेवते. उद्या सकाळी घेऊन जाईन. आणि यापुढे मी तुमच्याकडे जनावर पाठवणार नाही. जीव लावणं वेगळं, सांभाळणं वेगळं.

सून म्हणाली, “चुकलं माझं.”

एवढंच. थोरलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा थोरलीच्या डोक्यात बुधवारची गोष्ट उलटी झाली, आतून बाहेर काढलेल्या बाहीसारखी. ‘मीच धुतलं’ हे सुनेनं शाबासकीसाठी म्हटलं नव्हतं. त्या वेळी शाबासकी नव्हतीच, बोलणी खायची होती. ती तिनं सासूच्या ताटातून उचलून आपल्या ताटात घेतली होती. आणि सासू तीन दिवस तिच्याशी मुलाच्या मार्फत बोलत होती.

थोरली तळ्यावरून सगळ्यांच्या मागे मागे चालत घरी आली. गिऱ्हाइकाकडे जायचंय हेही विसरली.

घरी सुनेनं पाहुणीला बॉयलरपाशी ठेवलं. मग ती भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला लागली. हरवलेलं पिल्लू, सापडलेला पोपट, घर हवंय अशी दोन मांजरं. एकेक टाचणी काढायची आणि डबीत ठेवायची. रडत नव्हती. रडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाला कसं ओरडायचं हे तिला येत होतं.

तीन पायांचा कुत्रा टेबलाखालून उठला, सुनेच्या पायाला जाऊन टेकला आणि तिथून थोरलीकडे बघायला लागला. थोरली त्याला म्हणाली, तू नको मला शिकवू. मांजर आंधळी, तिचं तोंडही थोरलीकडेच. मुलगा इस्त्री फिरवत होता, पण एकाच उशीच्या अभ्र्यावरून दहा वेळा.

माफी कशी मागतात ते तिला ठाऊक नव्हतं. घरात मालक होते तेव्हा तेच मागायचे, चूक कुणाचीही असो, आणि ते गेल्यावर ती चालच बंद पडली होती. तिनं दोनदा मागच्या खोलीत चक्कर मारली. एक विचार असाही आला, की दार लावावं, गुपचूप पाहुणीला पुन्हा विसळावं, कुणाला काही कळायचं नाही. त्या रेनकोटालाही तिनंच वाचवलं होतं, कोमट नितळ पाण्यातून पुन्हा पुन्हा काढून. पण रेनकोट हुकाला टांगता येतो. थरथरणारं जनावर धरायला एक जोडी हात आणि पाणी सोडायला दुसरी जोडी लागते. आणि दुसरी जोडी समोर टाचण्या मोजत उभी होती.

थोरली दारात येऊन उभी राहिली आणि चिठ्ठ्यांच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “त्या बदकाला मी मऊपाणी दिलं होतं.”

सुनेचा हात थांबला. “माहीत आहे मला. तळ्यावर टॉवेलात घेतली तेव्हा वास आला.”

“मग तिथे बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

 मुलानं दचकून मान वर केली. थोरलीनं त्याला सांगितलं, की तू इस्त्रीकडे बघ, आणि सुनेला म्हणाली, “तो फोन लाव त्या पोरीला. मी बोलते.”

थोरलीनं फोन कानाला लावला. “मी लाँड्रीतून थोरली. आजी म्हणायचं नाही, आधी ऐकून घ्यायचं. त्या बदकाला माझ्या सुनेनं हात लावला नव्हता. मी धुतलं. ती घरात नसताना धुतलं. आणि वर शेवटच्या पाण्यात माझं औषध घातलं. तिला जे काही बोललीस ना, ते परत घे आणि माझ्याकडे दे.”

 पलीकडून डॉक्टरिणीनं विचारलं, की औषध म्हणजे नेमकं काय काय? जनावर चोचीनं पिसं साफ करतं, पोटात जातं, विष आहे का नाही हे कळायला हवं.

आता आली का पंचाईत! चाळीस वर्षं दार लावून जपलेली गोष्ट. दुकानभर माणसं नव्हती, पण जी दोन नको होती तीच नेमकी समोर होती. दार लावावं म्हणून थोरलीनं मागे पाहिलं, तर ज्या फोनला ती चिकटली होती त्याची तार दारापर्यंत पोचतच नव्हती. तिनं डोळे मिटले आणि सांगितलं. बाजारात मिळतं ते कपडे मऊ करायचं औषध, दोन झाकणं. ग्लिसरीन, एक चमचा. आणि तिसरी वस्तू. ती इथे लिहायचं काही कारण नाही, लाँड्री अजून चालू आहे.

मुलगा तोंड वासून ऐकत राहिला आणि उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग कायमचा उमटला. सून मात्र खाली बघत होती. तिसरी वस्तू ऐकताना तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्यावरून थोरलीनं ताडलं, की निदान तिसरी तरी तिला आधीपासून माहीत होती. नाकानं पकडली असणार. अकरा वर्षं दाराच्या अलीकडे उभी होती बिचारी, नाक काही बंद नव्हतं.

डॉक्टरीण म्हणाली, विष नाही, नशीब. साबण अजिबात नको. कोमट पाणी, नळीच्या धारेनं, पिसांच्या उलट्या दिशेनं, आत कातडीपर्यंत. मी येतेच.

ती येईपर्यंत थोरलीनं सगळी मांडामांड केली होती. बॉयलरचं पाणी कोपरावर घेऊन तीनदा तपासलं. सुनेनं पाहुणीला धरलं, थोरलीनं नळीची धार सोडली. पिसाखाली बोट घालून एकेक ओळ उचलायची, धार आत घालायची, पुढची ओळ. पोट, मांड्या, पंखाखाली. डॉक्टरीण आली, दारात थांबली आणि मध्ये पडली नाही. थोड्या वेळानं तिनं बूट काढले आणि टब ओतायचं काम घेतलं.

थोरली सुनेला बारा महिने तेरा काळ सांगत आली होती, की तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता दोघी मिळून तेच पाणी शोधत होत्या. दुसऱ्या टबाला नाही, चौथ्याला नाही. पाणी पडायचं आणि पिसांत मुरायचं. सातव्या टबाला सुनेचे हात आखडले, तर थोरली म्हणाली, दे इकडे, आणि जागा बदलल्या. तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिलं, की सुनेची बोटंही तिच्यासारखीच झाली होती. पाण्यानं सुरकुतलेली, नखांपाशी पांढरी. कधी झाली कुणास ठाऊक.

नवव्या टबाला पाठीवर एक थेंब पडला आणि मुरला नाही. गोल होऊन क्षणभर बसला आणि घरंगळून गेला. मग दुसरा. मग सगळी धारच मण्यांसारखी पाठीवरून ओघळायला लागली.

“तो बघा,” सून कुजबुजली.

“बघतेय,” थोरली म्हणाली. “आता पोटाला बघ. पाठ सगळ्यांचीच चांगली दिसते.”

पोटाला आणखी चार टब लागले. मग पाहुणीला बॉयलरच्या ऊबेत ठेवलं. ती सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि एकेक पीस चोचीतून ओढून सारखं करायला लागली. डॉक्टरीण सुनेपाशी गेली आणि म्हणाली, की चूक माझीही आहे. सोडायच्या आधी घरीच टबात तरंगवून बघायला हवं होतं, ते मी विसरले आणि खापर तुमच्या डोक्यावर फोडलं. मग थोरलीकडे वळून चाचरत म्हणाली, आज... बाई, इतकं विसळणं मी आमच्या शिक्षणातही पाहिलं नव्हतं. थोरली म्हणाली, शिक्षणात कुठून असणार! आणि जाताना तो कोट ठेवून जा, तिन्ही डाग निघतील.

सुनेनं टाचण्यांची डबी उघडली आणि चिठ्ठ्या परत लावल्या.

पुढचे दिवस पाहुणी दिवसातून दोनदा मोठ्या टबात पोहायची. रविवारी थोडी भिजली. सोमवारी कमी. मंगळवारी अर्धा तास पोहून बाहेर आली, थोरलीनं कोरड्या टॉवेलानं पोट टिपलं आणि टॉवेल गालाला लावून पाहिला. कोरडा.

बुधवारी सकाळी पुन्हा सगळे तळ्यावर. थवा अजून होता, पण बेचैन होता. पाच-सहा बदकं उडायची, चक्कर मारायची, उतरायची. नर कडेलाच होता. ह्या वेळी डॉक्टरिणीनं खोकं थोरलीपुढे धरलं. थोरली म्हणाली, तिला दे, आणि सुनेकडे बोट केलं.

पाहुणी पाण्यात शिरली. वीस हात. चाळीस हात. राखणदार जाळी घेऊन तयारच होता. पाहुणी पाण्यावर ठेवलेल्या वाटीसारखी बसली होती. मग तिनं मान खाली घातली, शेपूट वर केलं आणि पुरती पाण्याखाली गेली. राखणदार एक पाऊल पाण्यात गेला. ती पलीकडे वर आली, एकदाच अंग झाडलं, आणि पाठ कोरडी ठणठणीत. नर आवाज न करता तिच्या बाजूला येऊन लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं.

राखणदार म्हणाला, की थोरल्या बाई, इस्त्रीपण केलीत वाटतं. थोरलीला याचं झकास उत्तर सुचलं होतं. पण तिनं नुसताच हात उडवला आणि परत फिरली. घरी कपडे पडले होते.

दुकानात सकाळपासूनचे टॉवेल तुंबलेले. धुऊन झाले, दोनदा विसळून झाले. थोरलीनं शेवटची बादली भरली आणि सवयीनं दाराकडे हात नेला. मग तो हात तिथेच राहिला.

“सूनबाई,” तिनं हाक मारली, “इकडे ये. आत ये. आणि आज तू घाल.”

सून आत आली. थोरली दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. सुनेनं दोन झाकणं घातली, एक चमचा घातला, तिसऱ्या वस्तूची बरणी न विचारता बरोबर कप्प्यातून काढली. थोरली बघत राहिली. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि बराच वेळ ते पाळलंही.

“ढवळ,” शेवटी तिला राहवेना. “उजवीकडून. आणि तो चेन लावलेला कोट बाजूला काढ आधी. रेनकोट आहे तो.”

“दिसला मला,” सून म्हणाली. “आल्या आल्याच काढून ठेवलाय.”